आधी आजीचा धाक बंद, मग दवाखान्याची तयारी

पत्र : ‘ताई, माझी मुलगी चार वर्षांची आहे. वरच्या समोरच्या दोन दातांवर हिरडीजवळ तपकिरी पट्टा आलाय आणि खालच्या एका दाढेत काळा ठिपका दिसतो. दुखत नाही. सासूबाई म्हणतात, “दुधाचेच दात हैत, पडून जातेत. कशाला दवाखाना करायलीस?” शेजारीण म्हणते, हे बोअरच्या पाण्यामुळं. दिवाळीत नांदेडला माझ्या जावेच्या मुलाची दाढ काढताना त्याला चौघांनी धरलं होतं, हिनं ते दारातून पाहिलं. तेव्हापासून दातांचा डॉक्टर म्हटलं की पलंगाखाली जाऊन बसते. ती जेवली नाही की आजीही म्हणते, “थांब, सुई टोचायला लावते.” आता पंधरा दिवसांनी नांदेडची वेळ घेतली आहे. सांगून न्यावं की न सांगता? खुर्चीवर बसलीच नाही तर? सोबत कोणी जावं? धाकटा सव्वा वर्षाचा आहे, त्यालाही दाखवून आणावं का?’
– एक आई, वसमत तालुका

ताई,

दातांचं बघूच, पण तुमच्या पत्रातली सुईवाली ओळ आधी घेते. दवाखान्याची वेळ पंधरा दिवसांनी असली तरी तयारी आज संध्याकाळच्या जेवणापासून सुरू होते. पहिलं काम एकच : घरात डॉक्टरचं नाव धाक म्हणून निघणार नाही. पोलीस, बुवा आणि डॉक्टर, लेकरांना घाबरवायला आपल्याकडं ही तीन माणसं ठरलेली. पोलिसाकडं नि बुवाकडं लेकराला कधी न्यावं लागत नाही, म्हणून ते खपून जातं. डॉक्टरकडं मात्र न्यावंच लागतं. मग महिनोन्‌महिने ज्याच्या नावानं घास भरवला, त्याच माणसासमोर ‘आ कर बाळा’ म्हणायची वेळ येते. लेकरू तोंड गच्च मिटतं आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. हट्टी नाही, शहाणं आहे. घरच्यांनी सांगितलेलं त्यानं खरं मानलं.

सासूबाईंना ‘असं बोलत जाऊ नका’ म्हणून घरात वाद वाढवू नका. त्यांना काम द्या. नात त्यांचं ऐकते म्हणूनच तर त्यांचा धाक चालतो. मग तोच शब्द आपल्या बाजूनं वापरायचा. रात्री निजताना त्यांनीच नातीला म्हणावं, “आपल्याला नांदेडला दात मोजायला जायचंय. किती निघतेत ते मला येऊन सांग बरं का.” आईनं दहा वेळा समजावण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करतं. आणि नातीला काहीतरी जबाबदारीचं काम सोपवलं की आजीलाही घाबरवायची गरज उरत नाही.

आता ‘दुधाचे दात पडून जातात’ याबद्दल, कारण सासूबाईंचं समाधान झाल्याशिवाय तुमचं पुढचं काही नीट व्हायचं नाही. पडतात हे खरंच. पण सगळे एकदम नाही. समोरचे सहा-सातव्या वर्षी हलायला लागतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तुमची लेक चारची आहे, म्हणजे ठिपका असलेल्या त्या दाढेवर तिला अजून सहा-सात वर्षं भाकरी चावायची आहे. दुधाच्या दातावरचं कवच पक्क्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं असतं आणि आतली नस कवचाच्या जवळ, त्यामुळं कीड आत उतरायला फार वेळ घेत नाही. आज दुखत नाही म्हणून बरं चाललंय असं धरू नका. दुखायला लागतं तेव्हा ती बहुतेक वेळा नसेपर्यंत पोचलेली असते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही, तो वाकडा येतो. सासूबाईंना हे पटेल. त्यांना एवढंच विचारा, “आत्या, सहा वर्षं ही पोर कशानं चावणार?”

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण यात भलेभले फसतात. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागं, एकही दात न पडता, नवी दाढ येते. दात पडला नाही म्हणून घरचे तिलाही दुधाची समजतात. ती पक्की असते, जन्मभराची. पुढं दोन वर्षांनी तिची आठवण ठेवा.

शेजारणीचं पाण्याबद्दलचं बोलणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. मराठवाड्यात नांदेडच्या किनवट भागात, बीडमध्ये खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं आणि त्यामुळं दातांवर खडूसारखे पांढरे नाहीतर तपकिरी डाग येतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकाला विचारा, बोअरचा नमुना कधी तपासला आणि काय निघालं. पण पाण्याचे डाग जास्त करून पक्क्या दातांवर दिसतात, दुधाच्या दातांवर कमी. तुम्ही लिहिलेली जागा, वरचे समोरचे दात आणि हिरडीलगतचा पट्टा, ही वेगळीच गोष्ट सांगते. रात्री बाटलीनं किंवा पेल्यानं साखरेचं दूध पीत पीत झोपणाऱ्या लेकरांची कीड नेमकी तिथूनच सुरू होते. खालच्या समोरच्या दातांवर जीभ असते, लाळ असते, ते वाचतात. वरच्या दातांवर दूध रात्रभर बसून राहतं आणि झोपेत लाळही कमी सुटते. तुम्ही दुधाचं काही लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे की रात्रीचं दूध चालू आहे. चालू असेल तर एकदम तोडू नका, रडारड होईल. आधी साखर कमी करत बंद करा, मग दूध निजायच्या बरंच आधी द्या, मग ब्रश, आणि ब्रशनंतर फक्त पाणी. दिवसा किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त भोवतं. चहात बुडवलेलं बिस्कीट सकाळी, अंगणवाडीतून आल्यावर, पाहुणे आले की आणि टीव्हीसमोर, असं चार वेळा होण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच गूळ-शेंगदाणे झालेले परवडले.

खरं तर दातांच्या डॉक्टरची पहिली भेट पहिला दात आल्यावर, पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हायला हवी असं बालदंतरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्या भागात असं कुणी नेत नाही, त्यामुळं उशीर झाला म्हणून स्वतःला दोष लावत बसू नका. पत्रात ‘दुखत नाही’ लिहिलंय ते वाचून मला हायसं वाटलं. दुखणं नसताना पहिली भेट होतेय, हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं भांडवल आहे. जावेच्या मुलाचं काय झालं असेल याची कल्पना करा. कित्येक रात्री दाढ दुखली असेल, गाल सुजला असेल, मग धावपळ करत नेलं. लेकराची डॉक्टरशी पहिली ओळखच दाढ काढताना. तिथं धरावं लागलं, यात डॉक्टरचा दोष किती नि वेळेचा किती, हे मी इथून सांगू शकत नाही. तुमच्या लेकीच्या बाबतीत ती घाई नाही. पहिल्या भेटीत दात नुसते बघितले, मोजले आणि ती हसत बाहेर आली तर काम झालं. उपचार दुसऱ्या भेटीपासून.

म्हणूनच दवाखान्यात एक वाक्य तोंडातून काढू नका : “एवढ्या लांबून आलोत तर आजच सगळं उरकून टाका.” मला त्यामागची अडचण कळते. एसटीचं भाडं, शेतातला बुडालेला रोज, पुन्हा कोणाकडं तरी घर सोपवून निघणं. पण पहिल्याच दिवशी चार दातांचं काम एका बैठकीत उरकलं तर दुसऱ्या वेळी तिला एसटीत चढवणंही कठीण जाईल. एक अपवाद : गालाला सूज, ताप, हिरडीवर पुवाची पुळी, किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. यातलं काही मधल्या काळात दिसलं तर पंधरा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी निघायचं.

फोन करून वेळ घेतलीच आहे, तर आणखी एक फोन करा. विचारा की तुम्ही लहान मुलं बघता का, पहिल्या दिवशी फक्त तपासणी कराल का, मी आत तिच्याजवळ बसले तर चालेल का. उत्तर तुसडं आलं तर दुसरीकडं वेळ घ्यायला अजून दिवस आहेत. बीडीएस या दातांच्या पदवीनंतर तीन वर्षं फक्त मुलांच्या दातांचं शिक्षण घेतलेले एमडीएस डॉक्टर असतात, त्यांना पेडोडॉन्टिस्ट म्हणतात. नांदेड, परभणी, लातूरला दंत महाविद्यालयं आहेत, सरकारी महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला. तिथं मुलांचा विभाग वेगळा असतो आणि खर्चही बाहेरच्या मानानं कमी येतो. गर्दी आणि रांग मात्र धरून चाला. लेक अंगणवाडीत जात असेल तर सेविकेला विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गावात कधी येऊन गेलं. 2013 साली सुरू झालेल्या या योजनेत पथकानं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा बघायचं असतं आणि त्या तपासणीत दातही येतात. त्यांच्याकडून पुढं पाठवल्याची चिठ्ठी मिळाली तर सरकारी दवाखान्यात उपयोगी पडते.

सांगून न्यावं की न सांगता? सांगूनच. ‘मामाकडं जायचं’ म्हणून निघायचं आणि दवाखान्यासमोर उतरायचं, हे एकदाच जमतं. पुढच्या वेळी खरंच मामाकडं निघालात तरी ती विश्वास ठेवणार नाही. फक्त जायचा दिवस पंधरा दिवस आधीपासून सांगू नका. चार वर्षांच्या लेकराला तेवढा काळ भीती वाढवायला पुरतो. आजीचं ‘दात मोजायचं’ चालू राहू द्या, आणि नेमकं ‘उद्या जायचंय’ हे आदल्या दिवशी, दिवसाउजेडी, खेळताना सांगा. रात्री निजताना नको.

काय सांगायचं तेही थोडकंच. तिथं एक खुर्ची आहे, ती बटणानं वर-खाली होते. वर मोठा दिवा आहे. डॉक्टर तोंडाला मास्क लावतात आणि हातात मोजे घालतात. छोट्या आरशानं दात बघतात नि मोजतात. मी तिथंच असेन. संपलं. यापुढचं तुम्ही सांगू नका. ‘दुखणार नाही हं’ हे आपल्या तोंडून सवयीनं निघतं, पण तोवर दुखण्याचा विचार तिच्या डोक्यात नसतो, तो आपण घालतो. ‘काहीच करणार नाहीत’ असा शब्दही देऊ नका, तो पाळणं तुमच्या हातात नाही. तिनं जावेच्या मुलाला पाहिलंय, त्यामुळं ती विचारेलच, “दादाला धरलं तसं मला धरतील?” तेव्हा विषय बदलू नका. खरं सांगा : “दादाची दाढ लई दुखत होती, म्हणून तसं करावं लागलं. तुझं दुखत नाही. तुझे मोजायचेत.” आणि “सुई देतेत का?” असं आलं तर, “मला वाटतं आज नाही. आपण डॉक्टरांनाच विचारू, तूच विचार.” लेकराला स्वतः विचारायची मुभा मिळाली की त्याची अर्धी भीती उतरते.

सुई, ड्रिल, कापणं, उपटणं हे शब्द डॉक्टरवर सोडा. मुलांच्या डॉक्टरांची आपली एक भाषा असते. पाण्याची पिचकारी, पाणी ओढणारी सोंड, दाताला झोप आणणं. आधी सांगायचं, मग हातात देऊन नाहीतर नखावर फिरवून दाखवायचं, मगच दाताला लावायचं, ही पद्धत 1959 पासून दंतवैद्यकात शिकवली जाते. तुम्ही घरीच ‘तिथं मशीन असते, घुर्रर करते’ म्हणून ठेवलं तर डॉक्टरांची ती सगळी मांडणी वाया जाते.

आता खरी तयारी, म्हणजे सराव. रोज रात्री पाच मिनिटं लागतील. तुम्ही भिंतीला टेकून मांडी घालून बसा आणि लेकीला समोर आडवी निजवा, डोकं तुमच्या मांडीवर, पाय पलीकडं, तोंड वर. तुमचं तोंड तिला उलटं दिसेल, याला ती पहिल्या दिवशी हसेल, हसू द्या. डाव्या हातानं हनुवटी धरा आणि बोटानं ओठ जरा वर उचला. उजव्या हातात ब्रश. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, फ्लोराइडची. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असलं तरी पेस्ट सोडायची नाही, गिळायची मात्र नाही. ब्रश झाला की थुंकायला लावा. वरच्या दातांच्या हिरडीजवळ, जिथं तो पट्टा आहे, तिथं ब्रश आडवा धरून हळू गोल फिरवा. दाढांचा वरचा चावायचा भाग, आतली बाजू. मग ब्रश बाजूला ठेवून मोबाइलची बॅटरी लावा आणि स्टीलच्या लहान चमच्याच्या पाठीनं एकेक दात टकटक करत मोजा. मोठ्यानं. वर दहा, खाली दहा, वीस निघाले पाहिजेत. चमच्याचा गार स्पर्श, डोळ्यांवर उजेड, कोणीतरी वरून तोंडात बघतंय आणि आपण पाठीवर आडवे, दवाखान्यात अनोळखी वाटणारं सगळं यात येऊन जातं. तिथं भीती बहुतेक वेळा आडवं होण्याचीच असते, दातांचा नंबर नंतर.

मग पाळी उलटी करा. तिला डॉक्टर होऊ द्या. बाहुलीचे मोजेल, तुमचे मोजेल. सासूबाईंचे मोजायला बसली की घरात हशा पिकेल, कारण हिशोब तिच्यापेक्षा कमी भरायची शक्यता आहे. तेव्हा आजीनं रागवायचं नाही. उलट म्हणावं, “माझे तसेच गेले, तुझे राहू दे.”

एक सराव तेवढा शिकवून ठेवा. हात वर केला की आपण थांबायचं. घरी ब्रश करताना तिनं हात वर केला की तुम्ही खरंच थांबा, तीन आकडे मोजा, पुन्हा सुरू करा. दवाखान्यात डॉक्टरांना आधीच सांगा की आमचं असं ठरलंय. बहुतेक डॉक्टर ते मानतात. आपण म्हटलं की हे थांबतं, एवढं कळलं की लेकरू जास्त वेळ तोंड उघडं ठेवतं.

जायच्या दिवशी वेळ सकाळचीच असू द्या, शक्यतो पहिली किंवा दुसरी. दुपारी लेकरं झोपेला आलेली असतात आणि दवाखान्यात आतून दुसऱ्या कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत असतो. घरून हलकं खाऊन निघा. पोट तट्ट भरलेलं नको, उपाशीही नको. रस्त्यात बिस्किटाचा पुडा हातात देऊ नका, तोंडात लगदा घेऊन तपासणी होत नाही. पाण्याची बाटली, एक कपड्यांचा जोड, तिची बाहुली. सोबत तुम्ही आणि आणखी एक जण, बस. आपल्याकडं दवाखान्यात एका लेकरामागं पाच माणसं जातात आणि पाचही जण आत वेगवेगळं बोलतात. त्यातला एखादा ‘अगं काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं’ म्हणतो आणि सगळ्यावर पाणी पडतं. तुमच्यापैकी ज्याला स्वतःला दातांच्या डॉक्टरची भीती आहे त्यानं बाहेर बाकावर बसावं, लेकरं हाताची थरथर ओळखतात. तुम्हीच घाबरत असाल तर तिच्या बाबांना आत पाठवा, त्यात कमीपणा नाही.

खुर्चीवर बसलीच नाही तर? नाही बसली तर नाही. तुम्ही खुर्चीवर बसा, ती तुमच्या मांडीवर. डॉक्टरांना ते चालतं, न चालण्यासारखं त्यात काही नाही. ‘बसतेस का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येणार हे ठरलेलं. त्यापेक्षा ‘आधी बाहुलीचे मोजायचे की तुझे?’ यात दोन्हीकडून मोजणं होतंच. आत गेल्यावर तुम्ही गप्प राहायचं हे सगळ्यात अवघड. आवाज एकाच माणसाचा, डॉक्टरांचा. तुम्ही फक्त तिचा पाय धरून ठेवा, पोटरीवर हात असू द्या. थोडं रडली तर घाबरू नका, या वयात रडणं हा नकारच असतो असं नाही. मात्र पहिल्या भेटीत, तातडी काही नसताना, कोणी हातपाय धरायची भाषा करू लागलं तर तुम्ही थांबवू शकता. “आज राहू द्या, आम्ही पुन्हा येतो,” एवढं म्हणायला घाबरू नका.

तपासून झाल्यावर डॉक्टर काय सुचवतील ते ढोबळ सांगते, म्हणजे गोंधळ व्हायचा नाही. बहुधा दातांवर फ्लोराइडचा वार्निश लावतील. तो ब्रशनं रंगासारखा लावतात, थुंकीनं घट्ट होतो. त्या दिवशी काही तास कडक आणि गरम खाऊ देऊ नका, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. दाढेतल्या ठिपक्यासाठी सिमेंट भरणं सांगतील, नाहीतर सिल्व्हर डायमीन फ्लोराइड नावाचं औषध. ते नुसतं थेंबानं लावतात, कोरावं लागत नाही, कीड तिथंच थांबवतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. त्याची एक बाजू आधीच माहीत असू द्या : कीड लागलेला भाग कायमचा काळा दिसतो. मागच्या दाढेला कोणी बघत नाही, तिथं मी बिनदिक्कत हो म्हणेन. समोरच्या दातांना लावायचं म्हणतील तर सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर घरी आल्यावर ‘डॉक्टरनं पोरीचे दात काळे केले’ म्हणून गाव गोळा होईल.

बाजारात दातातली कीड काढून दाखवणारे बसतात, भुईरिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि अळीसारखं काहीतरी फडक्यावर पाडून दाखवतात. ते त्या बियांच्या आतलं असतं, दातातलं नाही. दातात अळी नसतेच. तिथं जाऊ नका. लवंगेचं तेलही लहान लेकराच्या हिरडीला थेट लावू नका, भाजतं. आणि घरात कुणी मिसरी लावत असेल तर नातीच्या बोटावर कौतुकानं चिमूटभरही येऊ देऊ नका, ती भाजलेली तंबाखू असते.

घरी परतल्यावर ‘रडली का?’ हा पहिला प्रश्न कुणी विचारू नये. आजीनं विचारायचं, “किती निघाले?” शाबासकीही नेमकी द्या. ‘गुणाची पोर’ म्हणून सोडून न देता ‘तू तोंड किती वेळ उघडं ठेवलंस!’ म्हणा. बक्षीस द्यायचं तर खडू, टिकल्यांचं पाकीट, स्टँडवर उतरल्यावर फुगा. चॉकलेट नको, हे तुम्हाला सांगायला नको. आणि निघायच्या आधी ‘रडली नाहीस तर देईन’ अशी अटही घालू नका, रडली तर दुहेरी हरल्यासारखं होतं. ती रडलीच असेल तर तो किस्सा शेजारणीला तिच्यादेखत रंगवून सांगू नका.

राहिला धाकटा. त्याला दाखवायचंच, पण त्या दिवशी नाही. पहिली फेरी लेकीची एकटीची असू द्या, नाहीतर तुमचा एक हात त्याला सांभाळण्यात जाईल आणि तिच्या पोटरीवर कुणाचाच हात राहणार नाही. दुसऱ्या वेळी, ती सरावली की, दोघांना घेऊन जा. सव्वा वर्षाच्या लेकराला खुर्चीत बसवत नाहीत. डॉक्टर तुमच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळाचे पाय तुमच्या कमरेला, डोकं त्यांच्या मांडीवर, दोन मिनिटांत बघून होतं. ते रडेल, तोंड आपोआप उघडेल, डॉक्टरांचं काम सोपं होईल. तोवर त्याच्या पुढच्या दातांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून रोज रात्री ब्रश करा, आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवत असाल तर त्याच्यापुरतं ते आजपासूनच बंद करायला घ्या. चार वर्षांच्या मुलीपेक्षा त्याची सवय मोडणं सोपं आहे.